पोट साफ करणं म्हणजे पंचकर्म नव्हे

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आरोग्यावर काहीतरी बोल' एवढंच सांगितलं होतं. विषय तुम्हीच ठरवून दिलात. काल संध्याकाळी चहाच्या वेळेपासून रात्री शेकोटी विझेपर्यंत ज्यांनी ज्यांनी मला गाठलं, त्यातल्या निम्म्यांनी एकच गोष्ट विचारली, 'तुझ्याकडे पंचकर्माला यायचंय, किती दिवस लागतात?' कुणाला निवृत्तीआधी शरीराची सर्व्हिसिंग करून घ्यायची आहे. कुणाला मुलीच्या लग्नाआधी दहा किलो वजन उतरवायचं आहे. कुणाला केरळला जाऊन आठवडाभर तेल लावून घ्यायचं आहे आणि ते इथे धुळ्यात स्वस्तात होईल का, अशी चौकशी आहे. हे सगळं हसत हसत चाललं होतं. पण एकानं बाजूला नेऊन हळूच विचारलं, 'डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आहे. त्याऐवजी पंचकर्मानं ब्लॉकेज निघून जातील का?' कोण ते मी सांगणार नाही. पण त्या प्रश्नामुळे मी आज थोडं सविस्तर आणि थोडं स्पष्ट बोलणार आहे.

आधी घरातल्या गोष्टीपासून सुरुवात करू. एरंडेल कुणाकुणाला आठवतं? हात वर करा. बघा, सगळा वर्ग वर आला! वार्षिक परीक्षा संपली की पहिल्या रविवारी पहाटे आजी वाटीत एरंडेल आणि वर सुंठीचा काढा किंवा कोरा चहा घेऊन उभी असायची. नाक दाबून ते पोटात जायचं. दुपारपर्यंत परसाकडच्या फेऱ्या, मग मुगाची पातळ खिचडी किंवा भाताची पेज. त्या दिवशी उन्हात खेळायला बंदी, गार पाण्याला बंदी. आपण आजीला नावं ठेवली, पण त्या एका रविवारात तिनं तीन गोष्टी बरोबर केल्या होत्या. वेळ निवडली होती, औषध दिलं होतं आणि नंतरचं खाणं सांभाळलं होतं. बाळंतिणीचं अंग तेलानं चोळणं, शेक-शेगडी, ओवा-वावडिंग-बाळंतशोपांची धुरी, नंतर हळूहळू जड होत जाणारा आहार हेही त्याच शहाणपणातलं. याला शास्त्रीय पंचकर्म म्हणता येणार नाही. पण त्यामागचा विचार आपल्या घरांत होता, एवढं मात्र खरं.

आपल्या भागात वैद्यकी किती जुनी आहे, याचा एक पुरावा तर आपल्या सहलीच्या वाटेवर आहे. चाळीसगावहून कन्नडच्या बाजूला गेलं की पितळखोऱ्याची लेणी लागतात. शाळेत असताना आपण तिथे डबे खाल्ले, माकडांना भ्यालो आणि परत आलो. तिथल्या खांबांवर ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. दान देणाऱ्यांत मगिल नावाचा एक राजवैद्य आहे, त्याची मुलगी आहे आणि मुलगाही आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा आमचा व्यवसायबंधू! पुन्हा गेलात तर त्या खांबांकडे जरा थांबून बघा.

आता मूळ विषय. पंचकर्म म्हणजे पाच कर्मं: वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण. ही यादी वाग्भटाची. चरकसंहितेत रक्तमोक्षण या पाचांत धरलेलं नाही, तिथे बस्तीचेच दोन प्रकार वेगळे मोजले आहेत. शिरोधारा, कटिबस्ती, अंगाला तेल लावणं, वाफ घेणं यांतलं एकही या पाचांत नाही. जाहिरातीत कपाळावर तेलाची धार पडणारा जो फोटो असतो, तो पंचकर्माचा फोटो नव्हे. ते उपचार चांगले आहेत, त्यांचा उपयोग आहे, पण कुणी आठवडाभर मसाज आणि वाफ घेऊन 'माझं पंचकर्म झालं' म्हणत असेल, तर त्याची फक्त तयारी झाली. परीक्षेला बसलाच नाही.

आयुर्वेदाच्या मते वात, पित्त, कफ हे शरीर चालवणारे घटक आहेत. ते प्रमाणात असतील तोवर प्रकृती ठीक, बिघडून वाढले तर तेच दोष. थोडे वाढले असतील तर लंघन, पाचन, व्यायाम, औषध यांनी जागच्या जागी शमवायचे. याला शमन म्हणतात. फार वाढले असतील तर जवळच्या वाटेनं बाहेर काढायचे. हे शोधन. कफ वरच्या बाजूचा, म्हणून तोंडावाटे वमन. पित्त मधलं, म्हणून गुदमार्गानं विरेचन. वाताचं मुख्य ठाणं पक्वाशय, म्हणून बस्ती. गळ्याच्या वरच्या भागासाठी नाक, म्हणजे नस्य. आणि दूषित रक्तासाठी रक्तमोक्षण.

ज्यांच्यासमोर हे सांगतेय त्यांना मी आपल्या विज्ञानाच्या प्रयोगशाळेतला काचेच्या पेटीतला तराजू आठवून देते. सर आधी ओळंबा बघायला लावायचे, मग पाय समतल करायचे, मग वजनं चिमट्यानं ठेवायची आणि काटा स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा. घाईनं वजन टाकलं की सर म्हणायचे, उतरव, पहिल्यापासून. पंचकर्मातही प्रत्यक्ष कर्माला लागतो एक दिवस आणि त्याच्या आधी-नंतरच्या नेमाला दोन ते तीन आठवडे. आज सगळीकडे तो एक दिवस विकला जातो आणि ते आठवडे गाळले जातात. मला आज तुमच्याशी मुख्यतः त्या गाळलेल्या आठवड्यांबद्दल बोलायचं आहे.

पहिली पायरी तपासणीची. भूक कशी, कोठा हलका की जड, झोप, वजन, रक्तदाब, साखर, चालू असलेली औषधं. पचन बिघडलेलं असेल तर आधी काही दिवस पाचन. त्यानंतर स्नेहपान. सकाळी रिकाम्या पोटी साधं किंवा औषधी तूप प्यायचं. पहिल्या दिवशी थोडं आणि ते किती वेळात पचतं ते बघून रोज मात्रा वाढवायची. किमान तीन दिवस, जास्तीत जास्त सात. दिवसभर गरम पाणी, कडकडून भूक लागल्यावरच हलकं जेवण. दिवसा झोप नाही, वारा नाही, चिडचिड नाही. त्वचा मऊ झाली, शौचाला स्निग्धता दिसू लागली, तूप समोर आलं की नको वाटू लागलं, म्हणजे पुरे. मग अंगाला तेल आणि वाफ, म्हणजे स्नेहन-स्वेदन. मी पेशंटला स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. तळाशी लागलेलं पातेलं तुम्ही लगेच खरवडता का? आधी पाणी घालून भिजत ठेवता, मग हलक्या हातानं निघतं. न भिजवता घासलं तर पातेल्यालाच चरे पडतात. तयारीशिवाय दिलेला जुलाब असाच असतो.

मग वमन. हे सकाळी लवकर. पोटभर दूध किंवा ज्येष्ठमधाचा फांट पाजायचा आणि गेळफळाचं चूर्ण मध-सैंधवाबरोबर द्यायचं. मग उलटीचे वेग येतात. नाडी, रक्तदाब, काय बाहेर पडतंय, किती वेळा, हे सगळं वैद्यानं शेजारी बसून पाहायचं. जुनाट सर्दी-दमा, काही त्वचारोग यांत आम्ही ते वापरतो. पाचांपैकी सर्वांत जोखमीचं हेच.

विरेचन त्या मानानं सोपं वाटतं, पण सोपं नाही. निशोत्तर, एरंडेल, बहाव्याचा मगज ही त्याची औषधं. बहावा तर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. ऐन उन्हाळ्यात सगळं करपलेलं असताना पिवळ्या झुंबरांनी लगडतो तोच. त्याच्या लांब काळ्या शेंगेतला गर म्हणजे सौम्य रेचक. नाजूक माणसाला बहावा, मध्यम कोठ्याला निशोत्तर, असं पाहून द्यावं लागतं. ग्रंथात वेगांची मोजणी दिली आहे. वमनात चार, सहा, आठ. विरेचनात दहा, वीस, तीस. पण नुसता आकडा गाठायचा नसतो. शेवटी काय पडलं, पोट हलकं झालं का, थकवा किती आला, हे आकड्याहून महत्त्वाचं.

बस्ती म्हणजे औषधी काढा किंवा तेल गुदमार्गानं देणं. काढ्याचा बस्ती करताना मध, सैंधव, तेल, औषधांचा कल्क आणि शेवटी काढा, या क्रमानं घोटून एकजीव करतात. आयुर्वेदात बस्तीचा मान मोठा आहे. माझ्या दवाखान्यातही सर्वांत जास्त उपयोग याचाच होतो. शेतात वाकून वाकून कंबर गेलेल्या बाया, ट्रक चालवणारे, दिवसभर शिलाई मशीनवर बसणारे यांना तेलाच्या छोट्या बस्तीनं आराम पडताना मी अनेक वर्षं पाहते आहे.

नस्य म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब. चेहरा-कपाळाला शेक देऊन, डोकं किंचित खाली ठेवून. घशात आलं तर गिळायचं नाही, थुंकायचं. आणि रक्तमोक्षण. आपल्या लहानपणी बाजारात तुंबडी लावणारे बसायचे, तो याचा रस्त्यावरचा अवतार. दवाखान्यात आज मुख्यतः जळवा लावतात. जळवांचं नाव काढलं की तोंड वाकडं करू नका. 2004 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं प्लास्टिक सर्जरीत साचलेलं रक्त काढण्यासाठी औषधी जळवांना परवानगी दिली आहे. पण एका पेशंटची जळू दुसऱ्याला कधीही लावायची नाही, हा नियम ध्यानात ठेवा आणि विचारून घ्या.

कर्म झालं. आता खरी कसोटी. पोटातला अग्नी या वेळी विझू घातलेल्या चुलीसारखा असतो. त्यावर एकदम ओंडका टाकला तर विझतो. काडी-काडीनं पेटवावा लागतो. याला संसर्जनक्रम म्हणतात. आधी भाताची पातळ पेज, मग आसट भात, मग मुगाचं बिनफोडणीचं कढण, मग तेच तूप-मीठ-जिऱ्याचं, आणि त्यानंतर नेहमीचं जेवण. शुद्धी जशी झाली असेल तसे तीन, पाच किंवा सात दिवस. आम्हा खान्देशी माणसांची गाडी इथेच घसरते. विरेचन उत्तम झालेले एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी भावकीतल्या हळदीला गेले. 'ताई, फक्त दोन बट्ट्या खाल्ल्या, वरणात बुडवून, आणि चव पाहायला वांग्याची भाजी.' चौथ्या दिवशी पोट फुगून माझ्या दारात. त्यांना पुन्हा पेजेवर आणायला आठ दिवस लागले. म्हणून मी आता आधी पत्रिका विचारते. कुंडली नव्हे, लग्नपत्रिका! पुढच्या पंधरा दिवसांत घरात लग्न असेल तर पंचकर्म नाही.

ऋतूचाही विचार आहे. हेमंत-शिशिरात साठलेला कफ चैत्रात, उन्हाळ्यात साठलेला वात श्रावणात आणि पावसाळ्यात साठलेलं पित्त कार्तिकात काढावं, असं वाग्भट सांगतो. कारण हे महिने ना फार थंड, ना फार गरम, ना झडीचे. पण वाग्भटाचा चैत्र आणि भुसावळचा चैत्र एक नव्हे. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशी. त्या उन्हात वमन-विरेचन दिलं तर शरीरातलं पाणी आधीच आटलेलं, त्यात आणखी आटवायचं. म्हणून वमनाचे पेशंट मी होळीच्या आसपासच उरकते आणि कडक उन्हाळ्यात मोठं शोधन टाळते. ग्रंथात महिना दिला आहे, पण महिन्याचं कारणही दिलं आहे. कारण पाळलं की ग्रंथ पाळला.

आता जोखमीबद्दल. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बारा अध्याय आहेत. त्यातल्या चार अध्यायांच्या नावातच 'व्यापद' शब्द आहे. व्यापद म्हणजे उपचारातून उद्भवणारा बिघाड. म्हणजे या शास्त्राच्या बैठकीच्या ग्रंथानं एक तृतीयांश अध्याय चुकलं तर काय होतं, याला दिले आहेत. सूत्रस्थानात तर वमन-विरेचनापूर्वी घर कसं असावं, सेवक कोण, कोणती औषधं आणि साधनं हाताशी असावीत याची लांबलचक यादी आहे. तिथे शिष्य विचारतो, जाणत्या वैद्यानं नीट दिलं तर बिघडेलच कशाला? गुरू सांगतात, तरी तयारी हवी, कारण प्रसंग ओढवल्यावर बाजारात धावून औषध मिळत नाही. ज्यांनी हे शास्त्र रचलं ते इतके सावध होते, आणि आज मंगल कार्यालयात शंभर जणांना रांगेत बसवून एकाच दिवशी एकच औषध पाजणारी शिबिरं भरतात. तिथे जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते.

आपल्या वयाच्या माणसांनी विशेष ऐका. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, हर्निया, अल्सर आहे, त्यांनी वमनाचं नाव काढू नये. ज्यांचं पित्ताशय खड्यांनी भरलंय, रक्तातली चरबी फार वाढली आहे किंवा यकृत बिघडलंय, त्यांना रोज वाढतं तूप प्यायला देणं धोक्याचं असू शकतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जुलाबानं क्षारांचं गणित कोसळतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जळू नको. मधुमेहाच्या लोकांचा धोका दोन्ही बाजूंनी आहे. पेजेवर असताना नेहमीच्याच गोळ्या घेतल्या तर साखर झपाट्यानं खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो, आणि कुणाच्या सांगण्यावरून इन्शुलिन बंद केलं तर साखर इतकी चढते की आयसीयू गाठावं लागतं. गोळ्या कमी करायच्या की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी आणि वैद्यानं मिळून ठरवायचं.

अजून एक गोष्ट, जी केरळच्या पुस्तकात सापडणार नाही पण आपल्या जिल्ह्यांत विचारलीच पाहिजे. सातपुड्याच्या पट्ट्यात, चोपडा-यावल-शिरपूरपासून नंदुरबारपर्यंत, आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आढळतो. या रुग्णाच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. अशा माणसाला 'अंग दुखतंय, वात झालाय' म्हणून विरेचन दिलं तर आपण त्याला संकटात ढकलतो. आपल्यापैकी जे तिकडे आश्रमशाळांत शिक्षक आहेत, त्यांनी हे गावात सांगा. आधी रक्ततपासणी, मग बाकी सगळं.

आता त्या हळूच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर देते, कारण तो प्रश्न मनात असणारे आणखीही असतील. नाही. हृदयाच्या धमनीतला अडथळा वमनानं, विरेचनानं, बस्तीनं निघत नाही. तो आतड्यातला मळ नव्हे. अँजिओग्राफी सांगितली असेल तर ती करा, या आठवड्यात करा.

दोन वर्षांपूर्वी पहाटे एक शेतकरी आले. बरोबर मुलगा. म्हणाले, 'रातभर पित्त उसळ्या मारतंय, विरेचन द्या, मोकळं वाटेल.' थंडीचे दिवस, पण सदरा घामानं भिजलेला, जबडा दुखत होता, डावा हात जड झाला होता. मी औषधाच्या कपाटाला हात लावला नाही. शेजारच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला, तो झटकाच निघाला. तासाभरात त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पोचवलं. आज ते कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून सरकारला शिव्या देतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. आपल्याकडे छातीत जळजळ म्हणजे पित्त आणि पित्त म्हणजे जुलाब, हे समीकरण घट्ट बसलं आहे. पन्नाशीनंतर ते मोडा. घाम, जबडा-हात-पाठीत दुखणं, धाप यांतलं काही सोबत असेल तर आधी ईसीजी.

मग पंचकर्माचा उपयोग तरी काय, असं तुम्ही म्हणाल. उपयोग आहे. आयुष्याची इतकी वर्षं मी त्यात घातली ती उगाच नाही. जुनाट कंबरदुखी, सांध्यांची आखड, सोरायसिससारखे त्वचारोग, पुन्हा पुन्हा होणारी सर्दी, बिघडलेलं पचन, उडालेली झोप यांत योग्य पेशंटला योग्य ऋतूत चांगला गुण येताना मी पाहिला आहे. त्याचबरोबर हेही सांगते की आधुनिक पद्धतीच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या या उपचारांवर अजून कमी झाल्या आहेत. त्या व्हायला हव्यात, आणि त्या होण्याची भीती आम्हा वैद्यांना वाटता कामा नये. आणि 'शरीरातले टॉक्सिन बाहेर' ही भाषा सोडून द्या. आयुर्वेदातला 'आम' म्हणजे न पचलेलं, अर्धं कच्चं राहिलेलं. तो अग्नीशी जोडलेला विचार आहे. त्याला कारखान्याच्या विषाचं नाव देऊन पावडरीचे डबे विकणं म्हणजे आयुर्वेद नव्हे. रक्त गाळण्याचं काम तुमचं यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात. त्यांना दारू, तंबाखू आणि मनानं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून वाचवलंत तर ते सर्वांत मोठं शोधन.

कुठे जायचं ते कसं ओळखाल? वैद्याची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारायला संकोच नको. पहिल्याच भेटीत पैसे घेऊन पॅकेज गळ्यात मारतो की आधी अर्धा तास तपासतो, ते बघा. चालू औषधांची यादी मागतो का? 'तुम्हाला हे लागू नाही' असं कधी कुणाला म्हणतो का? संसर्जनक्रमाचा कागद हातात देतो का? मधुमेह, हृदयरोग, कर्करोग बरा करण्याची जाहिरात असेल तर परत फिरा. 1954 च्या औषधे व जादूई उपचार कायद्यानं तशा जाहिरातींना बंदी आहे. आणि कर्माच्या दिवशी वैद्य स्वतः हजर असणार का, हे नक्की विचारा. मोठ्या शहरातच जायला हवं असंही नाही. आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात पंचकर्माचा स्वतंत्र विभाग असतो आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आयुर्वेद महाविद्यालयं आहेत.

शेवटी, ज्यांना पंचकर्म लागत नाही किंवा चालत नाही, त्यांच्यासाठी. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी. रोज आंघोळीआधी दहा मिनिटं तिळाचं तेल, निदान डोकं, कान आणि तळपाय तरी. रात्रीचं जेवण दिवेलागणीच्या जवळ. भूक नसेल तर एक वेळचं जेवण सोडा, पण भूक नसताना मुलांनी आग्रह केला म्हणून खाऊ नका. पावसाळ्यात ज्वारीची भाकरी, मूग, लसूण, ताजं गरम. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. कैरीचं पन्हं, ताक, कांदा आहेच. रोज जुलाबाची चूर्णं खाण्याची सवय असेल तर ती हळूहळू सोडा. त्यानं आतडं आळशी होतं. महिन्यातून एकदा घरचं एरंडेल चालेल का, असं काल मॅडमनी विचारलं. मॅडम, तुमची रक्तदाबाची आणि पाणी काढणारी गोळी चालू आहे, म्हणून तुम्हाला नाही. बाकीच्यांनी मला भेटून विचारा, मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देईन. हे शास्त्र माणूस बघून चालतं, माणसांची रांग बघून नाही.

संयोजक घड्याळ दाखवतायत. जाता जाता एवढंच. होळीपर्यंत दोन महिने आहेत. ज्यांना खरंच पंचकर्म करायचंय त्यांनी या दोन महिन्यांत साखर, रक्तदाब, क्रिएटिनिन, चरबी आणि ईसीजी करून रिपोर्ट घेऊन यावं. त्यावर बसून ठरवू. आणि आज दुपारी पंगतीत भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, वास इथपर्यंत आलाय. थंडीचे दिवस आहेत, अग्नी चांगला आहे, खा. फक्त पाऊण पोट खा. तिसऱ्यांदा वाढायला आलेल्याला नको म्हणा. ते जमलं तर माझ्याकडे येण्याची गरज निम्मी कमी होईल.